कोळशातच ठेवलेला हात

वडगावच्या माझ्या आया-बहिणींनो, भावांनो, शहापुरातनं आलेल्या पावण्यांनो, सर, आणि आप्पा तुमी,

आज माग बंद ठेवून तुमी सगळी आलासा. गल्लीत एक खट् आवाज न्हाय. एवढ्या शांततेत उभं राहून बोलायचं म्हणजे अवघड काम हाय. मला खांद्यावर वजन घ्यायची सवय, चारचौघांत बोलायची न्हाय. घरातनं निघताना आमची मंडळी म्हणाली, "दोन शब्द बोला आणि खाली बसा. लांबड लावू नका." मी व्हय म्हणालो. पण खोटं बोललो. आज मी लांबड लावणार हाय.

ज्यांना मी ठाऊक न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. माझं नाव परशराम. गल्लीत परशा. तीस वर्षं झाली, मी मागवाल्यांच्या घरात बीम पोचवायचं काम करतोय. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लांब रूळ. मागाच्या पाठीमागं बसतो, त्यातनं सूत सुटत जातं आणि साडी विणत येते. मोठा बीम दोघांचा, लहान एकट्याचा. आमच्या बोळात गाडी शिरत न्हाय, म्हणून खांदा. आणि शारदाक्का, जिच्यासाठी आपण जमलोय, ती माझी शेजारीण. रक्ताची न्हाय. पण कळायला लागल्यापासनं मी तिला आक्का म्हणतोय. बारा दिवसांखाली सकाळी चहा घेतला, दारातल्या पायरीवर येऊन बसली, आणि बसल्या जागी भिंतीला मान टेकली. कुणाला त्रास दिला न्हाय.

आता इकडं बघा. तिच्या फोटोच्या बाजूला तिनं काढलेलं चित्र ठेवलंय. माणसाएवढं उंच. त्यातला बीम घेऊन वाकलेला माणूस मी हाय. हसू नका, खरंच मी हाय. सगळं चित्र रंगात हाय. लाल हाय, निळं हाय, आमच्या बोळातल्या चिखलाचा रंग बी हाय. आणि डावा हात? डाव्या हाताला रंग न्हाय. नुसत्या कोळशाच्या पाच रेघा.

त्या हातासाठी मी आज उभा राहिलोय.

आप्पा म्हणजे आक्काचे थोरले भाऊ. परवा घरच्या बैठकीत आप्पा म्हणाले, "माझ्या बहिणीचं काम अर्धं राह्यलं. बेळगावातला चांगला चित्रकार बघूया. हात रंगवून घेऊया. मंग चित्र समाजाच्या हॉलात लावूया." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बी तवा गप्प बसलो, ती माझी चूक. चित्रकार उद्या यायचा हाय, असं कळलं.

आप्पा चुकले म्हणायची माझी टाप न्हाय. आपल्यात रीतच हाय ती. मागावर साडी असताना विणकर गेला, तर साडी मधनंच कापत न्हाईत. घरातला दुसरा कुणीतरी त्याच्या जागी बसतो, ती पुरी करतो, मंगच माग मोकळा हुतो. आप्पांनी त्यांच्या चुलतभावाची साडी अशीच पुरी केलती. एका हातानं डोळं पुसत केलती. मी दारात उभा हुतो, मी बघितलंय. बहिणीसाठी बी त्यांच्या मनात तीच माया हाय. पण आप्पा, ऐका माझं. ह्यो हात अर्धा राहिलेला न्हाय. आक्कानं त्यो तसा ठेवलाय. मी तिथं हुतो. कसा ठेवला ते सांगतो, मंग तुमी ठरवा.

आक्का काय करायची ते जुन्या माणसांना ठाऊक हाय. ग्राफ भरायची. काठाचं, पदराचं डिझाईन ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढायची. एक चौकोन म्हणजे एक धागा. एक चौकोन चुकला की शंभर साड्यांत मोराची चोच वाकडी. चाळीस वर्षं ग्राफ भरले. आक्काचा चौकोन चुकलाय असं एकानं हात वर करून सांगावं. हाय कुणी? न्हाय. मंग कंप्युटर आला, डिझाईन तिकडं गेली, आणि आक्का घरी बसली.

घरी बसली म्हणजे पायरीवर बसली. मी बीम घेऊन जायचो, ती बघायची. एक दिवस बघतो तर मांडीवर जुना ग्राफ उलटा घातलाय, हातात चुलीतला कोळसा, आणि माझ्याकडं बघत कागदावर फराफरा ओढायलीय. मी म्हणालो, "आक्का, काय गं करायलीस?" म्हणाली, "तुझी पाठ." एवढंच. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षं संसार केला, मला त्या पाठीत काय दिसलं न्हाय. आक्काला काय दिसलं?"

तेच तर सांगायचंय. आक्काला दिसलं.

ती काढताना कागदाकडं बघायची न्हाय. डोळा माझ्यावर, हात कागदावर. तिच्या पायरीपासनं बोळाच्या कोपऱ्यापर्यंत माझी वीस पावलं. वीस पावलांत माणूस कागदावर यायला पायजे. मंग ती कागद बाजूला टाकायची आणि मी परत कवा येतोय त्याची वाट बघायची. पहिलं चित्र मला दाखवलं तवा मी म्हणालो, "आक्का, ह्यात माझं डोकं कुठं हाय?" म्हणाली, "डोकं वजन उचलत न्हाय रं." आता बोला!

चुलीतला कोळसा ठिसूळ, म्हणून स्वतः करायला लागली. तुरीच्या काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायची, झाकणाला बारीक भोक, आणि डबा न्हाणीच्या चुलीत. भोकातला धूर थांबला की डबा बाहेर. गार झाल्याबिगर उघडायचा न्हाय, न्हायतर आत नुसती राख. हे बी ती चुकत चुकत शिकली. तिचं तोंड, लुगडं, पायरी, सगळं काळं. दीड वर्षात एक पेटी चित्रांनी भरली.

आणि एक दिवस म्हणाली, "परशा, आता मोठं करणार. रंगात."

हे आपले सर बेळगावात रविवारी चित्रकलेचा वर्ग घेतात, तिथं ती बसनं जायचीच. तिथनं मोठा कॅनव्हास आणला. पेटीतलं सगळ्यांत चांगलं चित्र निवडलं. आणि काय केलं ठाऊक हाय? त्या चित्रावर पट्टी ठेवून चौकोन आखले. कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखले. आणि एकेक चौकोन बघून उतरवला. ग्राफवालीच ती! दुसरं काय करणार? दोन महिनं गेलं. मला बोलावलं. चित्र अगदी बरोबर हुतं. नाक नाकाच्या जागी, बोटं पाच. गल्लीतली माणसं आली, म्हणाली, "लई भारी आक्का, फोटोच हाय." मी मात्र बीमकडंच बघत राहिलो. आक्का म्हणाली, "तू बोल." आणि माझ्या तोंडातनं गेलं, "आक्का, ह्यो बीम रिकामा हाय."

बीम उचलणाऱ्यालाच कळतंय ते. सूत असलेला बीम आणि नुसता रूळ, दोन्ही घेऊन माणूस चालतो, पण दोन माणसं वेगळी दिसतात. चित्रातला परशा रिकामा रूळ खांद्याला चिकटवून उभा हुता. आठ दिवस आक्का माझ्याशी बोलली न्हाय. आमच्या मंडळीला हाक मारायची, मला न्हाय.

मंग तिनं दुसरं केलं. तिला वाटलं, चौकोन मोठे झाले म्हणून वजन निसटलं. म्हणून चौकोन आणखी बारीक आखले. बोटाएवढे. डोळं फुटस्तोवर भरलं. आता काय झालं? आता बीमबरोबर मी बी रिकामा झालो. ह्या बारीला तिनंच ओळखलं. खाली बसली. पहिल्यांदा मी आक्काला रडताना बघितलं. नवरा गेला तवा बी माणसांत रडली नव्हती. म्हणाली, "परशा, माझ्या हाताला चौकोनाबिगर दुसरं काय येतच न्हाय का रं? चाळीस वर्षं मोर मोजलं. जाण्याआधी एक माणूस उभा करावा, एवढंच मागणं हाय माझं."

एवढंच मागणं. बघा तुमी.

सर इथं बसलेत, त्यांना विचारा. ते तिच्या घरी आले. पेटीतली सगळी चित्रं त्यांनी जमिनीवर पसरली, सोप्यात पाय ठेवायला जागा न्हाय. सर म्हणाले, "शारदाबाई, एका चित्रात माणूस शोधू नका. सगळ्यांत मिळून हाय तो. आणि पट्टी मला द्या." पट्टी घेऊन गेले खरंच! जाताना सांगितलं, कोळसा लांब काठीला बांधा आणि उभं राहून काढा.

मंग आक्कानं मला बोलावलं. म्हणाली, "ह्यातलं जड कुठलं ते सांग." मी म्हणालो, "आक्का, मला चित्रातलं काय कळत न्हाय." म्हणाली, "वजनातलं कळतंय न्हवं?" ते कळतंय. मंग मी त्या चित्रांतनं अनवाणी फिरलो. हे बघ, ह्यात गुडघा खरा हाय. ह्यात मान. ह्या कागदावर तर नुसती एक रेघ हाय, खांद्यापासनं टाचेपर्यंत, पण सगळं वजन त्या रेघेत हाय. ती लाल खडूनं खुणा करत गेली. मी माझ्या अंगाला विचारून सांगत हुतो. मनात म्हणालो, परशा, आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या दुखऱ्या कमरेला कुणीतरी मत विचारलंय.

आणि मंग तिनं सगळी चित्रं भिंतीकडं तोंड करून ठेवली. समोर एक बी न्हाय. काठीला कोळसा बांधला. पदर खोचला. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, कोऱ्या कॅनव्हाससमोर उभी राहिली आणि खांद्यातनं हात फिरवला. काढायची, फडक्यानं पुसायची, वर परत काढायची. पुसलेलं सगळं जात न्हाय, मागं धुरकट राहतं. चित्रात पुढचा पाय बघा. एकाचे तीन दिसतात न्हवं? एक गडद, दोन फिकट. चूक न्हाय ती. पाऊल कुठनं आलं आणि कुठं पडणार, ते हाय त्यात.

कोळसा झडू नये म्हणून वर फवारा मारला. मंग रंग, अगदी पातळ करून, खालच्या रेघा दिसत राहतील असा. आधी सावल्या. मोठा ब्रश, घरं रंगवायचा. पाठ एका दमात केली. मी दारात उभा हुतो आणि माझ्या पाठीत कळ आली, शप्पथ सांगतो. तोंडाला चार फटकारे मारले फक्त. मी म्हणालो, "आक्का, तोंड तरी नीट कर, बायको ओळखायची न्हाय." म्हणाली, "तुझी बायको चाल बघून ओळखते."

आणि आता हात. आप्पा, इथं कान द्या.

उजव्या हातानं बीम धरलाय. डावा मोकळा. बीम घेऊन चालताना डावा हात हवेत असतो. खड्डा आला, दगड आला, कुणाची सायकल आडवी आली, की त्यो हात तोल राखतो. आक्कानं डावा हात रंगवला हुता. व्हय, रंगवला हुता! मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. सुंदर हात. शिरा, नखं, सगळं. ती मागं सरकली, बघितलं, परत मागं सरकली. मला म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "आता मी पडणार." म्हणाली, "मला बी तसंच वाटतंय."

तिनं फडकं घेतलं, टर्पेंटाइनमधी बुडवलं, आणि त्यो सुंदर हात पुसून काढला. मी ओरडलो, "आक्का, आगं!" तिनं ऐकलं न्हाय. हात पुसला, खालचा डाग रंगवून झाकला, दोन दिवस वाळू दिला. मंग काठीला कोळसा बांधून, उभी राहून, पाच रेघा मारल्या. मोजून पाच. आणि चित्रातला माणूस चालायला लागला. मी बघितलं. मी म्हणालो, "आता सूत हाय बीमवर." आणि आक्का हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी तीस वर्षं बीम उचलीन.

मंग म्हणाली, "बारीक ब्रश दे." मी दिला. खाली कोपऱ्यात तिनं नाव लिहिलं. शारदा. जवळ येऊन बघा, नाव हाय. चाळीस वर्षांत तिच्या एका डिझाईनवर तिचं नाव न्हवतं, आणि तिला त्याचं कधी काय वाटलं न्हाय. पण ह्याच्यावर लिहिलं. हात पुसल्यानंतर लिहिलं. कोळशाच्या रेघांनंतर लिहिलं. नाव लिहून ब्रश धुतला, रंगाच्या ट्यूबांची टोपणं लावली आणि म्हणाली, "झालं रं परशा. उतरली."

उतरली! आप्पा, हा आपला शब्द हाय. साडी मागावरनं उतरली म्हणजे काय, हे मी तुमाला सांगायचं? ती अर्धी टाकून गेली न्हाय. तिनं विणलं, तिनंच कापलं, तिनंच घडी घातली. उतरलेल्या साडीवर दुसरा विणकर बसत न्हाय.

आणि ज्याला अजून शंका हाय त्यानं सरांच्या वर्गाच्या प्रदर्शनात काय झालं ते ऐकावं. शिकलेली माणसं आली, छान छान म्हणाली, गेली. मंग उद्यमबागेतनं माझ्या ओळखीचा एक जुना हमाल आला. आता कारखान्यात वजनं उचलतो. कन्नडवाला माणूस, आक्काला ओळखत न्हवता. चित्रासमोर उभा राहिला. मी बघत हुतो. हळूहळू त्याचा उजवा खांदा खाली गेला. गुडघा वाकला. डावा हात आपोआप बाजूला निघाला, असा. त्याला ठाऊकच न्हाय आपण काय करतोय. आणि म्हणाला, "भाळ वज्जा ऐत्री." लई जड हाय म्हणाला! आक्का माझ्याशेजारी खुर्चीवर बसलीती. तिनं माझा हात धरला. एवढा घट्ट धरला की बोटं दुखली. कानात म्हणाली, "परशा, मी जिंकलो रं."

आमच्या बायका असंच बोलतात, "मी आलो, मी गेलो." त्या दिवशी आक्का म्हणाली, "मी जिंकलो." आणि खरंच जिंकली ती. ज्या हाताला चौकोनाबिगर काय येत न्हाय असं तिला वाटलं, त्याच हातानं माणूस उभा केला. सत्तरीला टेकलेल्या बाईनं! मला दुःख हाय. मोकळी पायरी दिसली की पाऊल आपोआप हळू पडतं. पण मी रडायला आलेलो न्हाय. मी ओरडून सांगायला आलोय की माझी आक्का जिंकून गेली.

म्हणून आप्पा, हात जोडून मागतो. चित्र हॉलात लावूया, जरूर लावूया. चित्रकाराला बोलावूया, चहा पाजूया, चित्र दाखवूया. त्यो खरा चित्रकार असला तर त्योच हात लावणार न्हाय. पण आपण सांगायचं तर आज सांगूया.

... आप्पांनी व्हय म्हणून मान हलवली. सगळ्यांनी बघितलं न्हवं? सर, तुमी बी बघितलं? बास. आप्पा, तुमचं मन मोठं हाय. मी तुमच्या पाया पडतो.

आता उठूया सगळी. दोन मिनिटं गप्प उभं राहूया. पण एक विनंती हाय. अशा वेळी आपण डोळं मिटतो. आज मिटू नका. आज ह्या चित्राकडं बघा, डाव्या हाताकडं बघा. ह्या जागेत दोन मिनिटं कुणी हलू नका, खोकू नका, पाय सुद्धा बदलू नका. हलणारा त्यो एकटा हात राहू दे.

आक्का, बघ. आमी थांबलोय.